एचिंगमधल्या या चुका टाळा: शाईला बोल लावण्याआधी

‘काळा नीट येत नाही, शाई बदलू का?’ बडोद्यात एचिंग शिकायला लागलेलं प्रत्येक पोर कधी ना कधी हे विचारतंच. नको. (एचिंग म्हणजे मेणाचा थर दिलेल्या धातूच्या प्लेटवर सुईने रेघा ओढायच्या, त्या ॲसिडमध्ये खोल करायच्या, त्यांत शाई भरून वरची पुसायची आणि ओल्या कागदावर ठसा घ्यायचा.) प्लेट उजेडात तिरकी धरून बघा. गडद छटेसाठी रेघा अगदी खेटून मारल्या आणि ॲसिडमध्ये प्लेट जास्त वेळ राहिली, तर रेघांमधल्या भिंतीच खाल्ल्या जातात. उरतो उथळ खड्डा. पुसताना कापड त्यातली शाई उचलून नेतं, आणि काळ्याऐवजी मळकट करडा छापून येतो. कडेला तेवढी काळी किनार. अशाच एका प्लेटवर मी तीन दिवस शाया बदलत बसले होते! इलाज ॲक्वाटिंटचा: खड्ड्यावर राळेची बारीक पूड भुरभुरा, खालून आच देऊन चिकटवा, पुन्हा ॲसिडमध्ये सोडा. कणांभोवतीच्या खळग्यांत शाई टिकते.

ग्राउंडचे, म्हणजे ॲसिड अडवणाऱ्या त्या मेणाच्या थराचे, पोपडे निघतात? प्लेटला तेलकट बोट लागलंय. खडूच्या पुडीने घासा. पाणी न फाटता सपाट पसरलं की झालं.

रेघ तुटक आली तर दोष बुडबुड्यांचा. जस्ताच्या प्लेटवर नायट्रिक ॲसिडचे बुडबुडे बसतात, त्यांच्याखाली ॲसिड काम करत नाही. पिसाने हलकेच सारत राहा. (पीस विकत कशाला घ्यायचं, कबुतरं आहेतच.) प्लेट तांब्याची आणि नायट्रिकच्या जागी फेरिक क्लोराइड असेल तर दुखणं वेगळं: गाळ रेघेत बसतो. प्लेट कोपऱ्यांवर टेकवून पालथी ठेवा. नायट्रिक पातळ करताना ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. खिडकी उघडी हवी.

मे महिन्यात भिजवलेला कागद प्लेट पुसेपर्यंत सुकतो, पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये राहिला तर बुरशी धरतो. लागेल तेवढाच भिजवा.

ठसा आरशासारखा उलटा उमटतो, म्हणून अक्षरं उलटी कोरायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ‘श्री’ चुकतोच. बडोद्याचे छापाचित्रकार ज्योती भट्ट १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रॅट या कलासंस्थेत इंटॅग्लिओ (एचिंगसारखी, कोरलेल्या रेघेत शाई भरून छापायची पद्धत) शिकून बडोद्याला परतले. त्यांच्या छाप्यांत लोककलेच्या आकृत्यांबरोबर अक्षरंही असतात. अक्षर आरशात बघून मगच सुई लावा.

आता पोटापाण्याचं. छाप्याखाली ७/२०, म्हणजे विसातला सातवा, असं लिहिलंत म्हणजे आवृत्ती वीसचीच. ओळखीतलं गिऱ्हाईक ‘अजून एकच काढा’ म्हणेल, आणि भाडं थकलेलं असेल. एकविसावा काढू नका. विसावा निघाला की प्लेटवर आडवी रेघ ओढा, त्या रद्द प्लेटचा एक ठसा घ्या आणि फायलीला लावून ठेवा.