पहिलं लिनक्स कोणतं घ्यावं?

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम, आणि तिचे बरेच प्रकार मिळतात. त्यातला पहिला कोणता घ्यावा, असं कोणी मला विचारलं की मी आधी उलट प्रश्न करतो: मशीन किती जुनं आहे, रॅम किती, आणि रोज त्यावर काय करता? ब्राउझर, व्हिडिओ, थोडं टायपिंग, कधीमधी प्रिंट एवढंच असेल तर लिनक्सवर सगळं आरामात होतं. पण पोटापाण्याचं काम फोटोशॉपवर किंवा मॅक्रो भरलेल्या एक्सेल फायलींवर चालत असेल, तर विंडोज काढू नका, लिनक्स त्याच्या शेजारी बसवा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून चालत्या मशीनला भंगारात काढायच्या गोष्टी कानावर येतात. फार जिवाला लागतं.

माझं उत्तर सरळ आहे: लिनक्स मिंट, त्यातही सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपची आवृत्ती. मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे विंडोजवरून येणारा माणूस गोंधळत नाही. इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओच्या फायली उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चौकोनात टिक केली की गाणी-व्हिडिओ चालतात. शिवाय मिंटचा पाया उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या एलटीएस, म्हणजे बरीच वर्षं सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्तीचा आहे. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळत राहतील, म्हणजे दर वर्षी नवी आवृत्ती चढवायचा व्याप नाही. रॅम 4 जीबी किंवा त्याहून कमी असेल तर त्याच मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

फेडोरा हे आणखी एक लिनक्स मला स्वतःला आवडतं. अगदी नव्या लॅपटॉपचं हार्डवेअर मिंटच्या कर्नेलला (हार्डवेअरशी बोलणाऱ्या गाभ्याला) ओळखता येत नसेल तर जरूर वापरून बघा. फक्त त्याची एक आवृत्ती साधारण 13 महिने सांभाळली जाते, हे लक्षात ठेवा. आर्च नावाचं लिनक्स बरंचसं हाताने जुळवावं लागतं, ते सध्या राहू द्या.

पण माझ्या किंवा कोणाच्याही शब्दावर जाऊ नका. मिंट पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं, आणि खरा निर्णय तिथेच होतो. 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, कारण त्यावरचं सगळं पुसलं जाईल. आयएसओ फाइल (ज्यात अख्खं मिंट असतं) मिंटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा, चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, साइटवरच्याशी जुळवा आणि रूफस किंवा बलेना एचर या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर चढवा. मशीन चालू होताना बूट मेन्यूची की दाबा आणि तिथे पेनड्राइव्ह निवडा. बहुतेकदा ती एफ12, एफ9 किंवा एस्केप असते.

डेस्कटॉप दिसला की लगेच खूश होऊ नका, अर्धा तास नीट वापरा. वायफाय जोडा आणि फुल स्क्रीनवर व्हिडिओ लावा. हेडफोन घातल्यावर स्पीकर बंद होतो का? टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का? ब्राइटनेसच्या की दाबून बघा, कॅमेरा आणि माइक तपासा, प्रिंटरवर एक पान काढा. मग लॅपटॉपचं झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा. स्क्रीन परत आली का, वायफाय आपोआप जोडलं गेलं का? ही झाकणाची चाचणी बहुतेक लोक विसरतात, आणि रोजचा त्रास नेमका तिथूनच सुरू होतो.

वायफाय दिसलंच नाही तर धीर सोडू नका. बऱ्याचदा ब्रॉडकॉम कंपनीची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा घ्यावा लागतो. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देणं) चालू करा, मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो बहुतेकदा योग्य ड्रायव्हर सुचवतो.

सगळं पटलं तरच इन्स्टॉलकडे वळा. त्याआधी तुमच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढा. विंडोज ठेवणार असाल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू आहे का ते बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा; बूटची मांडणी बदलली की विंडोज ती मागू शकतं. डिस्क पुसण्याचा आणि विंडोजशेजारी बसवण्याचा पर्याय एकाच पडद्यावर येतात. तिथे शांतपणे, दोनदा वाचून मगच पुढे जा.

इन्स्टॉल झालं की त्याच दिवशी टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टमची प्रत जपून ठेवणारं मिंटमधलं साधन, चालू करा. एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टम आदल्या दिवसाच्या स्थितीत आणता येते. मात्र ते सिस्टमच्या फायली जपतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मूळ सेटिंगमध्ये त्यात येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.