गावी परतलेल्या पहिल्या प्रेमाची कथा कशी लिहावी

नोकरीसाठी शहरात गेलेला माणूस बऱ्याच वर्षांनी गावी येतो, शाळेत असताना जिच्यावर जीव जडला होता ती पुन्हा भेटते आणि दोघांच्याही मनात जुने काहीतरी हलते, असे कथानक अनेकजण लिहायला घेतात. त्यातल्या बऱ्याच कथा एकाच जागी फसतात, असे माझे मत आहे. परत येणाऱ्याला लेखकाने नोकरी, संसार, आजारपण, कर्ज असे भरगच्च आयुष्य दिलेले असते, आणि गावात राहिलेल्या तिला मात्र तितकी सगळी वर्षे उंबऱ्यावर उभे करून ठेवलेले असते. ही कथा खरी तोलली जाते ती मागे राहिलेल्या माणसाच्या आयुष्यावर, म्हणून लेखनाची तयारी तिच्यापासून करावी.

त्यासाठी आधी एक खरे गाव धरावे. आपण सिंधुदुर्ग जिल्ह्यातले वेंगुर्ला घेऊ. तो १९९४ मध्ये वीस वर्षांचा असताना मुंबईला गेला आणि २०२४ मध्ये पन्नाशीचा होऊन परतला, असे ठरवले, तर वहीत दोन रकाने आखून दोघांचे प्रत्येक वर्ष लिहून काढावे, कथेत त्यातले दहा टक्केच उतरणार असले तरी. असे केले की काळाच्या चुका आपोआप सापडतात. १९९४ मध्ये मुंबईहून सावंतवाडीपर्यंत रेल्वे नव्हती. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला, त्यामुळे निरोपाचा प्रसंग एसटी स्टँडवरच लिहावा लागेल. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत पत्रे आणि एसटीडी बूथ एवढीच त्यांची साधने होती. परतताना तो रेल्वेने आला, तरी वेंगुर्ल्याला स्टेशन नाही. कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते. कथेला हा शेवटचा टप्पा फार उपयोगी पडतो, कारण गावात पाय ठेवण्याआधी ओळखीचे कोणीतरी त्याला पाहते आणि बातमी त्याच्या आधी घरोघर पोहोचते. दोघांचे वय वाढवून तो सत्तरच्या दशकात गेला असे दाखवायचे असेल, तर तिने जपलेल्या पाकिटावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असा पत्ता असायला हवा, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.

आता तिला काम द्यावे, आणि ते काम लेखकाला बारकाईने माहीत असावे. ती काजूचा छोटा कारखाना चालवते असे समजू. बी वाफेवर उकडायची, थंड झाल्यावर एकेक कापून गर काढायचा, तो सुकवून त्याची साल सोलायची आणि मग प्रतवारी करायची, हा तिचा रोजचा क्रम आहे. टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून बी फोडणाऱ्या बायका आधी हाताला तेल किंवा राख लावून घेतात. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, २२० ते २४० गर बसले तर तो ‘दोनशे चाळीस’चा माल, आणि ३०० ते ३२० बसले तर ‘तीनशे वीस’चा. तो दारात येऊन उभा राहतो, तेव्हा तिच्यासमोर सुपात गर पसरलेला आहे. ती वर पाहते, ओळखते आणि तरीही हातातला तुकडा योग्य ढिगात टाकूनच उठते. तीस वर्षे ती कशी जगली, हे सांगायला मला एवढी एक हालचाल पुरेशी वाटते. तिचे मन वेगळ्या परिच्छेदात उलगडून दाखवण्याची मग गरज उरत नाही.

त्याच्या येण्यालाही प्रेमापलीकडचे, मुदतीचे कारण हवे. पावसाआधी कौलांची शाकारणी, सातबाऱ्यावरच्या नावांसाठी भाऊबंदांच्या सह्या, किंवा चतुर्थीला थोरल्या घरातल्या गणपतीची यंदा आलेली जबाबदारी, यांपैकी काहीही चालेल. मी चतुर्थी निवडेन, कारण तेव्हा बंद घरे उघडतात, चाकरमानी येतात आणि माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधायला कवंडळाची रानफळे, सुपारीचे घोस, तवशी (काकड्या) जमवण्याच्या निमित्ताने माणसे एकमेकांच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या परसात, सहज जातात. दोघांना एकत्र आणण्यासाठी मग योगायोगाचा आधार घ्यावा लागत नाही. शिवाय विसर्जनानंतर परतीची तारीख ठरलेलीच असते.

या कथेतले सर्वांत मौल्यवान साधन मात्र आपल्या भाषेतच आहे, आणि त्यावर घाई करू नये. शाळेत ते एकमेकांना एकेरी हाक मारत असत. आता ती कामगार बायकांसमोर त्याला काय म्हणेल? ती ‘तुमी कधी इलात?’ असेच विचारेल. तो मात्र प्रमाण मराठीत, जरा जपून, ‘परवा आलो’ असे उत्तर देईल. हे अंतर दोन-तीन भेटी तसेच राहू द्यावे. मग एखाद्या संध्याकाळी सर येते, तो अंगणात पागोळीखाली उभा असतो, आणि ती आतूनच म्हणते, ‘भितूर ये, भिजशीत.’ अहो-जाहो कुठे गळून पडले, हे तिलाही नंतर कळते. इथे निवेदकाने एक शब्दही जोडू नये. मराठी वाचकाच्या कानाला क्रियापदाचे रूप बदललेले लगेच जाणवते, आणि ‘प्रेम’ हा शब्द उच्चारायला लावला तर तो प्रसंग तिथेच विटतो. तो प्रमाण मराठी सोडून मालवणीवर कधी येतो, हेही आधीच ठरवून ठेवावे.

तिच्या नवऱ्याचे काय, हा प्रश्न टाळू नये. तो हयात असेल तर त्याला दुष्ट रंगवून वाट मोकळी करणे हा अन्याय आहे. नसेल, तर त्याच्यासोबतच्या संसारातले सुखही तिला आठवू द्यावे. पूर्वस्मृती मात्र तोकड्या ठेवाव्यात.

तो कायमचा राहतो की जातो, याचा निर्णय लिहिण्याआधी दोन रकान्यांची वही पुन्हा उघडावी. तिचा कारखाना, त्याच्या मुलांची शिक्षणे, घराच्या सह्या यांतून जे निघेल तेच लिहावे, आणि कथा त्या निर्णयानंतरच्या एखाद्या साध्या कामावर थांबवावी. मजकूर पक्का करण्यापूर्वी लहानपणापासून मालवणी बोलणाऱ्या एखाद्या मावशीला संवाद मोठ्याने वाचून दाखवावेत. ती जिथे ‘असा कोण बोलता?’ असे म्हणेल, तिथे पेन्सिलीने खूण करून ते वाक्य तिच्याच तोंडून ऐकावे आणि तसेच लिहून घ्यावे.