फॉरमॅट मारायच्या आधी (आणि हो, फॉन्ट)

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि छोट्या ऑफिसांचे फोन वाढले. वकील, दस्तलेखक, सीए, प्रेस, पतसंस्था, सगळ्यांचं म्हणणं एकच: ‘मशीन फार स्लो झालंय, फॉरमॅट मारून अकरा टाकून द्या, तासाभरात होईल ना?’ होत नाही. डिस्क पुसून नवं विंडोज टाकायला तास पुरतो, पण त्याआधीच्या तयारीत अर्धा दिवस जातो आणि घोळ होतात ते तिथेच. माझा एका वकिलांकडे झाला. डेटा पूर्ण परत दिला, एक फाइल हरवली नाही, तरी जुना एक दस्त वाचता येईना, कारण मी फॉन्ट घेतले नव्हते. तेव्हा माझ्यासारख्या मशीन दुरुस्त करणाऱ्यांसाठीच्या या यादीत फॉन्ट पुन्हा पुन्हा येतील. चालवून घ्या.

आधी फॉरमॅटची गरज आहे का ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि आत जुनी हार्ड डिस्क असली, तर नव्या विंडोजनं काही सुधारणार नाही, एसएसडी टाका. जुनी डिस्क कटकट असा आवाज करत असेल तर बाकी सगळं सोडून आधी डेटा उतरवून घ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. हे फोनवरच विचारून घ्यायचं, तिथे जाऊन कपाळाला हात लावायचा नाही. न चालणाऱ्या मशीनवर जुगाड करून अकरा चढवता येतं, माहीत आहे. स्वतःच्या मशीनवर करा. क्लायंटकडे पुढची अपडेट अडकली की रात्री फोन आपल्यालाच येतो.

दिवस कोणता घ्यायचा? जीएसटीचं काम असेल तिथे ११ आणि २० तारखेच्या आसपास फिरकायचंही नाही, एक तारीख जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची, दुसरी ३बी या कर भरायच्या विवरणपत्राची. जुलैचा शेवट आणि मार्चचा शेवट सीएकडे विसरा. वकिलांकडे दस्ताचं रजिस्ट्रेशन नसेल तो दिवस. महावितरणचा शटडाउनचा मेसेज आलाय का तेही विचारा, कारण ऑफिसातल्या यूपीएसची बॅटरी दोन मिनिटांवर चालत नाही हे नेहमी आपण गेल्यावरच कळतं.

फोनवर आणखी एक सांगायचं, आणि हे ठासून सांगायचं: टायपिंग करणारी व्यक्ती त्या दिवशी हजर हवी. साहेब नसले तरी चालतील. साहेबांना विचारलं तर ते म्हणतात, ‘मराठीत आहे सगळं.’ कोणत्या फॉन्टमध्ये, कोणता कीबोर्ड, कोणतं बटण दाबून मराठी चालू होतं, हे टाइप करणाऱ्या ताईंनाच ठाऊक असतं.

कारण फॉन्ट. बॅकअप म्हटलं की आपण फाइलींचा विचार करतो, आणि इंग्रजी कामापुरतं ते खपून जातं. मराठी ऑफिसात खपत नाही. जुने दस्त, मृत्युपत्रं, नोटिसा, लग्नपत्रिका बहुतेक युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) नसतात. कृतिदेव असतो, शिवाजी असतो, पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी असतं, सी-डॅकच्या आयएसएमबरोबर आलेले डीव्ही-टीटी योगेश किंवा सुरेख असतात. या फाइलींच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, ती मराठी दिसतात ती फॉन्टमुळे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं तर फाइलीत ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच अक्षरं बसतात. फॉन्ट गेला की अख्खं खरेदीखत असं दिसायला लागतं. फाइल तशी ठणठणीत असते, पण हे समोर उभ्या असलेल्या वकिलांना सांगून बघा.

‘लागला तर नेटवरून उतरवू’ हा विचार डोक्यातून काढून टाका. नाव तेच असलं म्हणून आतल्या अक्षरांची जागा तीच असेल असं नाही. बहुतेक मजकूर नीट दिसतो आणि मधेच रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, एखादं जोडाक्षर चौकोन होतं. अक्षरांची रुंदी जराशी वेगळी असली की स्टॅम्प पेपरवर मोजून बसवलेला मजकूर एक ओळ खाली सरकतो, सहीची जागा पुढच्या पानावर जाते. त्यांच्या मशीनवरचाच फॉन्ट हवा, तीच फाइल.

कुठे सापडतात? सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या आत फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, ते सगळ्यांना माहीत असतं. पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर डबल क्लिक करून साधं ‘इन्स्टॉल’ दाबलं की तो फक्त त्या युजरपुरता बसतो, आणि त्याची फाइल जाते त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा खोल फोल्डरमध्ये. ॲपडेटा लपवलेलं असतं, ‘हिडन आयटम्स’ चालू केल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही ठिकाणचे घ्या. मशीनवर दोन युजर असतील तर दोघांचे घ्या. निवडत बसू नका, पूर्ण फोल्डर उचला, जागा फारशी लागत नाही.

मग ताईंना शेजारी बसवून वेगवेगळ्या वर्षांच्या फाइली उघडा. मजकुरात कर्सर ठेवून वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव वाचा आणि मोबाइलवर फोटो काढा. पत्रव्यवहार एका फॉन्टमध्ये, जुने मसुदे दुसऱ्यात, आणि आधीच्या टायपिस्टनं तिसऱ्याच फॉन्टमध्ये केलेलं काहीतरी निघतंच. वर्डच्या भरवशावर राहू नका: फॉन्ट मशीनवर नसला तरी त्या चौकटीत नाव तेच दिसत राहतं. श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी आणि डोंगल (लायसन्सची यूएसबी कांडी) विचारा. डोंगल सीपीयूच्या मागे यूएसबीत धूळ खात असतं, नाहीतर पेन ड्राइव्ह समजून कुणीतरी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलेलं असतं. कीबोर्डची मांडणी रेमिंग्टन, इनस्क्रिप्ट की फोनेटिक तेही लिहून घ्या. गूगल इनपुटचा विंडोजसाठीचा जुना ऑफलाइन सेटअप आता गूगलकडून मिळत नाही, तो वापरत असतील तर सेटअपची फाइल मशीनवरच शोधा किंवा विंडोजच्या आतल्या मराठी फोनेटिकची सवय करायला सांगा.

बॅगेत काय: विंडोजचा सेटअप असलेला ८ जीबीच्या वरचा बूटेबल पेन ड्राइव्ह, रिकामी एक्स्टर्नल डिस्क, स्क्रू ड्रायव्हर, लॅन केबल. पेन ड्राइव्हवर त्या मॉडेलचा नेटवर्क ड्रायव्हर आधीच टाकून न्या, नाहीतर नवं विंडोज टाकल्यावर नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. अकराव्या पिढीच्या आणि पुढच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांवर सेटअपला डिस्कच दिसत नाही, त्यासाठी इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर सुटा करून ठेवा. डिस्क मेली असं क्लायंटला सांगून मोकळे होऊ नका.

आता डेटा. ‘सगळं डी ला आहे’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. डेस्कटॉप सी मध्ये असतो, डाउनलोड्स सी मध्ये असतात, आणि ऑफिसचं निम्मं काम डेस्कटॉपवरच पडलेलं असतं. यूजर्स फोल्डर पूर्ण कॉपी करा. वनड्राइव्ह चालू असेल तर ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या मशीनवर नसतातच, आधी उतरवाव्या लागतात. आउटलुकची पीएसटी फाइल (मेल तिच्यात साठतात) आउटलुक बंद करून घ्या. क्रोमचे पासवर्ड सिंक होतायत का ते बघा, आणि होत असतील तर कोणाच्या खात्यात तेही बघा. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या जीमेलमध्ये ऑफिसचे सगळे पासवर्ड असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. बॅकअप त्याच डिस्कच्या डी पार्टिशनवर घेऊन त्याला बॅकअप म्हणू नका. कॉपी संपल्यावर दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या ताडून बघा.

फॉन्ट घेतले? यूजर्स फोल्डर घेतलं म्हणजे विंडोजच्या आतले फॉन्ट आले असं होत नाही. मीही तसंच समजलो होतो.

बॅकअप आपल्या लॅपटॉपला लावायचा, त्यातले फॉन्ट आपल्यावर टाकायचे आणि जुनी एक फाइल उघडायची. इथे ती मराठीत वाचता आली तरच पुढे जायचं. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते सुटलं की संध्याकाळ जाते. फॉन्ट हुकलाच तर मागे कन्व्हर्टर उरतो, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर. त्याला मूळ फॉन्ट कोणता ते सांगावं लागतं, आणि मजकुरात मधे आलेले खरे इंग्रजी शब्द तो मराठी समजून उलथेपालथे करतो. गट नंबर, क्षेत्र, रक्कम, सगळं पुन्हा डोळ्यांनी ताडावं लागतं. खरेदीखताच्या बाबतीत ती जबाबदारी आपण घ्यायची नाही.

टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर): उघडून डेटाचा पाथ वाचा, अंदाज करू नका. बऱ्याच ठिकाणी तो यूजर्सच्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो. टॅलीचा बॅकअप वेगळा घ्या आणि लायसन्स सरेंडर करा, ते मशीनशी बांधलेलं असतं. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सही करणारा एमसायनर, दोन्हींचे सेटअप जवळ ठेवा. एमएस ऑफिस कोणत्या ईमेलवर नोंदलंय ते विचारा आणि पासवर्ड आत्ता टाकून बघायला लावा. ‘साहेबांना माहीत असेल’ हे उत्तर नाही.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय. लॅपटॉपवर हे कुणी मुद्दाम लावलेलं नसतं, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की गुपचूप चालू होतं. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट किंवा टीपीएमला हात लावलात की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेला, कुठलंही दुकान तो काढून देणार नाही. म्हणून बायॉसमध्ये जाण्याआधी त्यांच्या खात्यात जाऊन की बघा, कागदावर लिहा, मगच रीस्टार्ट.

मशीनचं नाव, वर्कग्रुप, आयपी, गेटवे, डीएनएस यांचा फोटो. कोणते फोल्डर शेअर आहेत तेही, कारण बाकीची मशीन याच नावानं शोधतात. प्रिंटरचं मॉडेल. पीडीएफ काढणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर असतं, त्याचं नाव विचारा, त्यावाचून त्यांचं पान हलत नाही.

सेटअप सुरू करण्याआधी बॅकअपची डिस्क काढून बॅगेत. मशीनमध्ये दुसरी अंतर्गत डिस्क असेल तर तिचीही केबल काढा. सेटअपच्या यादीत डिस्क ० आणि डिस्क १ एवढंच दिसतं, आणि चहा आलेला असतो, कुणीतरी बोलत असतं, हात चुकतो.

विंडोज, ड्रायव्हर, अपडेट. हे येतंच सगळ्यांना.

मग फॉन्ट, एमएस ऑफिसच्याही आधी. जुना पूर्ण फोल्डर नव्या विंडोजवर ओतू नका, फोटोतल्या नावांचे निवडा, राइट क्लिक करून ‘सर्व युजरसाठी इन्स्टॉल’ द्या. युनिकोडवालेही बघा: विंडोज १० आणि ११ मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता हे आपोआप येत नाहीत, निर्मला तेवढा असतो. ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावे लागतात, किंवा मराठी भाषा जोडली की ते उतरतात, नेट लागतं. ताईंना एक जुना दस्त उघडून त्याचं एक पान छापायला लावा. वाचून दाखवू द्या. रफार बघा.

बाकी पटापट. डेटा परत. टॅली सुरू. सिग्नेचर एकदा करून बघा. प्रिंटर, स्कॅनर. शेअर दुसऱ्या मशीनवरून उघडतंय का. नव्या विंडोजनं बिटलॉकर पुन्हा चालू केलं असेल तर नवी की लिहून द्या. तारीख-वेळ बरोबर.

बॅकअपची डिस्क महिनाभर पुसायची नाही, तेवढ्यात कुणालातरी काहीतरी आठवतंच. पण तीच डिस्क घेऊन दुसऱ्या क्लायंटकडेही जायचं नाही, तिच्यावर एका वकिलाचे सगळे कागद आहेत. लेबल लावा, कपाटात ठेवा, कुलूप घाला, आणि दुसऱ्या डिस्कचे पैसे बिलात धरा.