ग्लोबिन जीनवर प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

जानेवारी उजाडला की पुण्यात एमएस्सीच्या मुलांची डिझर्टेशनसाठी लॅब शोधायची धावपळ सुरू होते. गणेशखिंड, पाषाण, औंध या पट्ट्यात लॅबना तोटा नाही. दरवर्षी त्यातली काही मुलं हिमोग्लोबिनचा विषय घेऊन माझ्याकडे येतात. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणूनच त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

उजळणीपुरतं सांगते. हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या ग्लोबिन प्रथिनांच्या जोडीने बनतं, आणि त्यांचे जीन दोन ठिकाणी आहेत. ११व्या क्रोमोसोमवर एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि बीटा अशी ओळीने जीन आहेत. १६व्यावर झीटा आणि दोन अल्फा. पहिले काही आठवडे पीतककोशात झीटा आणि एप्सिलॉनचा अंमल असतो. मग गर्भाच्या यकृतात अल्फा-गॅमा, म्हणजे एचबीएफ (गर्भाचं हिमोग्लोबिन). शेवटी अस्थिमज्जेत अल्फा-बीटा, म्हणजे एचबीए (प्रौढांचं हिमोग्लोबिन). एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोळ त्यापुढे सुरू होतो.

“जन्म झाला की गॅमा बंद”

बाळाने श्वास घेतला, ऑक्सिजन वाढला आणि गॅमा बंद पडला, हे उत्तर तोंडी परीक्षेत हटकून येतं. ते चूक आहे. गर्भ दोन-अडीच महिन्यांचा असतानाच बीटा थोडाथोडा तयार होऊ लागतो आणि गरोदरपणाच्या साधारण ३०-३२ आठवड्यांपासून जोर धरतो. हा हिशोब गर्भधारणेपासून चालतो, प्रसूतीपासून नाही. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळात बदल त्याच्या ठरलेल्या वेळीच होतो, लवकर जन्मलं म्हणून लवकर नाही. आईला मधुमेह असेल तर तो उलट लांबतो, आणि या निरीक्षणातूनच ब्युटिरेट या छोट्या मेदाम्लाच्या जातीच्या रेणूंनी एचबीएफ वाढवता येईल का, हा शोध पुढे सरकला. अवयव बदलला म्हणून जीन बदलला, असंही लिहू नका. गॅमाकडून बीटाकडे जाताना यकृत आणि मज्जा दोन्हीकडे बदल बरोबरीने होतो.

शिवाय जीनचं काम आणि रक्तातलं प्रमाण यांची गल्लत होते. जीन मंदावला तरी आधी तयार झालेल्या लाल पेशी कित्येक आठवडे रक्तात फिरत राहतात. म्हणून जन्मताना ६० ते ८० टक्के असलेलं एचबीएफ एक-दोन टक्क्यांच्या खाली यायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. पिंपरीत सिंधी वस्ती मोठी आहे, त्या समाजात बीटा थॅलेसेमियाचे (बीटा कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक जास्त आढळतात, आणि तिथल्या चार-पाच महिन्यांच्या बाळांचे एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचे) रिपोर्ट माझे विद्यार्थी “एचबीएफ वाढलंय” म्हणत दाखवतात. वय विचारल्याशिवाय मी आकड्याकडे बघत नाही. वाहक ठरतो वाढलेल्या एचबीए२ वरून, तो अल्फा-डेल्टाचा बनतो, आणि डेल्टाही उशिराच वर येतो. आधी आईवडिलांची तपासणी करा, बाळाची वर्षानंतर. आणि लोहाची कमतरता असेल तर एचबीए२ खाली ओढला जातो, हेही त्याच वेळी बघा.

के-५६२ पेशींत बीटा शोधणं

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण यात मुलांचं अख्खं सेमिस्टर वाया जातं.

के-५६२ पेशी वाढवायला सोप्या, म्हणून सगळे त्याच घेतात. त्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाकडून आल्या आहेत. त्या एप्सिलॉन, झीटा, गॅमा बनवतात. बीटा बनवत नाहीत. त्यांच्या डीएनएत बीटा जीन शाबूत आहे, पण तो गप्प असतो.

एका कॉलेजातल्या दोघी गुळवेलीचा अर्क या पेशींना देऊन माझ्याकडे आल्या. गॅमा वाढला होता, बीटाचाही सिग्नल होता. “मॅडम, अर्क दोन्ही वाढवतो,” असं म्हणत त्यांनी पोस्टर उघडलं. छापायला टाकायचं तेवढं बाकी होतं. मी विचारलं, नो-आरटी ट्यूब (आरएनएचं डीएनए करणारं एन्झाइम न घातलेली) कुठे आहे? ती लावलेलीच नव्हती. किट चांगलं आहे, गरज नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही प्लेट पुन्हा लावली. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेल्या ट्यूबमध्ये बीटाचा तोच सिग्नल आला. ते आरएनए नव्हतंच, सोबत आलेलं डीएनए होतं.

प्राइमर (पीसीआरमध्ये कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) इंट्रॉन (जीनमधला, आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) ओलांडतात म्हणून त्या निर्धास्त होत्या. पण ओलांडत होते पहिला इंट्रॉन, आणि बीटाचा पहिला इंट्रॉन फक्त १३० बेसचा आहे. तेवढं अंतर डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज सहज पार करतं. उत्पादन १३० बेसने लांब आलेलं, डीएनए लांबीनुसार वेगळं करणाऱ्या जेलवर लगेच दिसलं असतं. जेल कुणी चालवलंच नव्हतं. दुसरा इंट्रॉन ८५० बेसचा आहे, प्राइमर त्याच्या दोन बाजूंना ठेवा, नाहीतर थेट एक्झॉनच्या (आरएनएत उरणाऱ्या भागांच्या) सांध्यावर बसवा.

राहिला गॅमा. मी त्यांना एप्सिलॉन आणि झीटा मोजायला लावले. तेही तितकेच वाढले होते. म्हणजे अर्काने पेशी परिपक्व होऊ लागल्या होत्या, जीनची अदलाबदल झालीच नव्हती. हेमिन हे रसायन घातलं तरी असंच होतं. “बंद झालेला गॅमा पुन्हा चालू झाला का?” हा तुमचा प्रश्न असेल तर आधी गॅमा बंद असलेली पेशी हवी: ह्युडेप-२ (बीटा बनवणारी लॅबमधली पेशीजात) किंवा प्रौढ दात्याच्या सीडी३४ पेशी (रक्ताच्या मूळ पेशी). त्या महाग आहेत, सांभाळायला किचकट आहेत. परवडत नसतील तर प्रश्न बदला, पण के-५६२ वर तो प्रश्न लादू नका. माझ्याकडे नो-आरटी ट्यूबशिवाय प्लेट लागत नाही, घाई कितीही असो.

थोडक्यात

उंदरात गॅमाचा टप्पाच नाही. तिथे भ्रूणाच्या ग्लोबिनकडून थेट प्रौढ ग्लोबिनकडे उडी आहे, तेव्हा मानवी जीन घातलेला उंदीर आहे की साधा, हे पहिल्या ओळीत लिहा.

दोन गॅमांच्या प्रथिनांत फरक एकाच ठिकाणी, १३६व्या जागी. एक प्राइमर दोन्ही धरतो, तर “एकूण गॅमा” असंच म्हणा.

डेल्टा आणि बीटाच्या १४६ अमिनो आम्लांत जेमतेम दहांचा फरक आहे. प्राइमर मागवण्याआधी पाचही जीन एकाखाली एक लावून बघा. मी हे कागदावर, हाताने करून घेते.

जीनचा क्रम म्हणजेच वापराचा क्रम, हा सार्वत्रिक नियम नाही. कोंबडीत एप्सिलॉन भ्रूणाचा असूनही सगळ्यात शेवटी आहे.

एकच बटन शोधणं

एप्सिलॉनच्याही वर एलसीआर नावाचा नियंत्रक भाग आहे. सार्वजनिक नळाखाली एका वेळी एकच घागर बसते, तसा तो एका वेळी एकाच प्रोमोटरला (जीन सुरू करणाऱ्या भागाला) जोर देतो. मधलं डीएनए वळसा घेतं आणि एलसीआर गॅमाला तरी भिडतो, नाहीतर बीटाला. हिस्पॅनिक थॅलेसेमियात बीटा जीन पूर्ण शाबूत असतो, फक्त एलसीआरचा मोठा भाग गेलेला असतो, आणि बीटा मुका होतो. त्यामुळे “जीनमध्ये दोष नाही” म्हणून थांबू नका.

बीसीएल११ए आणि झेडबीटीबी७ए ही जीन दाबणारी प्रथिनं आहेत. बीसीएल११ए गॅमाच्या सुमारे ११५ बेस वर बसून त्याला दाबतो, झेडबीटीबी७ए सुमारे २०० बेस वर. या जागांवर बदल असलेल्या काही कुटुंबांत एचबीएफ आयुष्यभर चढं राहतं. हे वाचून मुलं बीसीएल११ए पूर्ण उडवायचे प्रस्ताव लिहितात. तो बी-लिम्फोसाइट, मेंदू आणि रक्ताच्या मूळ पेशींनाही लागतो! म्हणून २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या क्रिस्पर (डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या) उपचारात जीनच्या प्रथिन सांगणाऱ्या भागाला हात न लावता, लाल पेशींच्या वंशात काम करणारा त्याचा एन्हान्सर (जीनचं काम वाढवणारा भाग) कापला जातो.

सीडी३४ पेशींपर्यंत पोहोचलातच तर एवढं पाहा. वाढवण्याच्या माध्यमात, विशेषतः सीरममुळे, एचबीएफ आपोआप चढतं, आणि प्रत्येक दात्याचं मूळ प्रमाण वेगळं असतं. गॅमा एकटा मोजू नका, गॅमा भागिले गॅमा अधिक बीटा असं गुणोत्तर द्या. एका दात्याचा औषध दिलेला नमुना दुसऱ्याच्या कंट्रोलशी लावलेला दिसला की तो आलेख मी परत पाठवते.