डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना स्किलच्या बाबतीत या चुका टाळा

"भाऊ, मी पर्सेप्शन मारून राहिलो," असे म्हणत फासा टाकणारा खेळाडू आमच्या पांढरकवडा भागातल्या बैठकीत दर खेपेला एकदा तरी भेटतो. या खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेऊन बोलत बोलत गोष्ट पुढे नेतो, आणि प्रसंग सांगून निवाडा करणाऱ्याला डीएम म्हणतात. आमच्याकडे ते काम माझे. पर्सेप्शन म्हणजे आजूबाजूचे टिपण्याचे कौशल्य. ओसरीत चटई टाकलेली असते, मध्ये नकाशाचा कागद असतो, आणि पडक्या गढीचा दरवाजा अर्धवट उघडा आहे व आतून ओलसर वास येतो आहे, एवढेच मी सांगितलेले असते. पुढचे वाक्य तोंडातून निघण्याच्या आत फासा घरंगळतो, सतरा पडतात आणि सगळे माझ्याकडे पाहू लागतात. पण तो दाराच्या फटीतून डोकावतो आहे, आतला आवाज कान देऊन ऐकतो आहे, की उंबरठ्यावरची माती न्याहाळतो आहे, हे त्याने सांगितलेलेच नसते. त्यामुळे त्या सतरांचे काय करायचे हे मलाही ठरवता येत नाही.

स्किलच्या, म्हणजे पात्राच्या अशा कौशल्यांच्या, बाबतीत नव्या खेळाडूंना ज्या अडचणी येतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका सवयीत आहे. पात्राची माहिती असलेल्या पत्रकावर लिहिलेले स्किलचे नाव हेच कृतीचे नाव आहे असे ते समजतात. नियमांतला क्रम मात्र उलटा आहे. आपले पात्र काय करते हे खेळाडूने सांगायचे. त्या कृतीचा निकाल खरोखर अनिश्चित आहे का हे डीएमने ठरवायचे. तो अनिश्चित असेल तर कोणत्या अ‍ॅबिलिटीचा चेक लागेल (म्हणजे ताकद, चपळाई अशा कोणत्या मूळ क्षमतेची फाशावर कसोटी लागेल), त्याला कोणते स्किल जोडता येईल आणि किती आकडा गाठावा लागेल हेही डीएमनेच ठरवायचे. आणि त्यानंतरच फासा हातात घ्यायचा. आमच्याकडे यासाठी एकच शिस्त लावली आणि ती फार उपयोगी पडली: मागितल्याशिवाय टाकलेला फासा, मग त्यावर वीस पडलेले असोत की एक, मोजायचाच नाही.

येथे दिलेले नियम २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०२४ च्या सुधारित आवृत्तीतही मूळ सांगाडा तोच राहिला आहे.

बेरीज कुठे चुकते

या खेळात सहा अ‍ॅबिलिटी आणि अठरा स्किल्स आहेत. स्ट्रेंग्थखाली (ताकद) एकटे अ‍ॅथलेटिक्स येते, कॉन्स्टिट्यूशनखाली (दमसास) एकही येत नाही, आणि बाकीची सतरा डेक्स्टेरिटी (चपळाई), इंटेलिजन्स (बुद्धी), विस्डम (जाण) व कॅरिस्मा (छाप) यांत वाटलेली आहेत. चेकमध्ये वीस बाजूंच्या फाशावरचा आकडा, अ‍ॅबिलिटीचा मॉडिफायर आणि त्या स्किलमध्ये प्रावीण्य असल्यास प्रोफिशियन्सी बोनस, एवढ्या तीनच गोष्टी मिळवायच्या असतात. तरीही विस्डम १५ असलेला नवा खेळाडू फाशावरच्या आकड्यात सरळ पंधरा मिळवून मोकळा होतो. मिळवायचा असतो तो मॉडिफायर. मूळ आकड्यातून १० वजा करून उरलेल्याचे निम्मे करावे आणि अपूर्णांक आल्यास खालचा आकडा धरावा, म्हणजे १५ ला अधिक २ आणि ९ ला उणे १ येतो. नऊला शून्य लिहिलेली किती तरी पत्रके मी दुरुस्त केली आहेत.

प्रोफिशियन्सी बोनस पहिल्या पातळीवर २ असतो, पाचव्या पातळीवर तो ३ होतो, आणि पुढे दर चार पातळ्यांनी एकेक वाढत सतराव्या पातळीला ६ वर पोचतो. पाचव्या पातळीला पोचल्यावर खेळाडू प्राणबिंदू आणि नवे मंत्र आठवणीने लिहितात, पण स्किल्सचे जुने आकडे तसेच राहतात आणि पुढचे कित्येक आठवडे प्रत्येक चेकमध्ये एक कमी धरला जातो. एक्सपर्टीजचा, म्हणजे एखाद्या स्किलमधल्या विशेष प्रावीण्याचा, घोळ याच्या उलट आहे. (पात्रांच्या ज्या वर्गाला इंग्रजीत रोग म्हणतात त्याला मी येथे चोर म्हणतो, कारण मराठीत तो शब्द आजाराचाच वाटतो.) पहिल्या पातळीच्या चोराची डेक्स्टेरिटी १६ असेल आणि स्टेल्थमध्ये (लपतछपत जाण्यात) एक्सपर्टीज असेल, तर दुप्पट होतो तो केवळ प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे ३ अधिक ४, एकूण ७. सगळी बेरीजच दुप्पट करून १० लिहिणारे अनेक भेटतात, आणि मग त्या चोरापुढे कुठलाच पहारेकरी टिकत नाही.

प्रावीण्य नसले तर ते काम करताच येत नाही, हा समजही सोडून द्यावा. पत्रकावर खूण नसलेला खेळाडू नुसत्या अ‍ॅबिलिटीच्या बळावर प्रयत्न करू शकतो, आणि त्याने तो जरूर करावा.

गावात वीस बाजूंचा फासा सहज मिळत नाही आणि भारनियमनाच्या वेळी मोबाइलची बॅटरी जपून वापरावी लागते, म्हणून आम्ही पहिले वर्षभर बिस्किटाच्या डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून खेळलो. ही पद्धत उत्तम आहे, पण एक चूक तिला पार बिघडवते: काढलेली चिठ्ठी बाहेरच ठेवणे. तसे केले की मोठे आकडे निघून गेल्यावर उरलेल्यांच्या वाट्याला लहानच राहतात, आणि चतुर खेळाडू बाहेरच्या चिठ्ठ्या मोजून आपला चेक केव्हा करायचा हे ठरवू लागतो. प्रत्येक चिठ्ठी आकडा वाचून लगेच डब्यात परत टाकावी आणि डबा हलवावा. अ‍ॅडव्हान्टेज असताना दोन आकडे काढून मोठा धरायचा असतो. तेव्हाही पहिली चिठ्ठी परत टाकल्यावरच दुसरी काढावी. दहाच चिठ्ठ्या असतील तर सोबत एक नाणे उडवावे आणि छापा पडल्यास दहा मिळवावेत. वीसही आकड्यांना अगदी सारखीच संधी मिळते.

जिथे फासा नको तिथे फासा

चेक मागण्यात डीएमच्याही चुका होतात, आणि त्या खेळाडूंच्या चुकांपेक्षा जास्त नुकसान करतात. साध्या पायऱ्या चढायला, ओळखीच्या बाजारात दुकान शोधायला किंवा स्वतःच्या देवाचे नाव आठवायला फासा मागितला, की शूर योद्धा उंबरठ्याला अडखळून पडतो आणि खेळाचा रसच जातो. याहून वाईट म्हणजे पुढची सगळी कथा एकाच चेकवर टांगून ठेवणे. भुयाराचे गुप्त दार सापडले तरच पुढे जाता येईल असे मी एकदा ठरवले होते. पाचही जणांचे आकडे कमी पडले, आणि त्यानंतरचा पाऊण तास सगळे त्याच खोलीच्या भिंती ठोकत बसले. आज मी तेच दार मांडीन तेव्हा ते सापडेलच असे धरीन. चेक यशस्वी झाला तर ते गुपचूप सापडेल, फसला तर दगड सरकल्याचा आवाज आतल्या पहाऱ्यापर्यंत जाईल.

कुलूप उघडले नाही की "पुन्हा टाकतो" म्हणणाऱ्याला काय सांगावे, हा प्रश्न नेहमी येतो. अपयशाने वेळेखेरीज दुसरे काहीच जात नसेल आणि काम मुळात शक्य असेल, तर नेहमीच्या दहापट वेळ घेऊन ते पार पडले असे धरण्याची सोय नियमांत आहे. पहारेकरी फेरी मारत असेल, तेल संपत आलेले असेल, तर मात्र प्रत्येक प्रयत्नाची किंमत मोजायला लावावी.

नैसर्गिक वीस पडले म्हणजे काहीही साध्य होते, हाही असाच एक पसरलेला गैरसमज आहे. वीस पडल्यावर हमखास यश मिळते ते हल्ल्याच्या फाशाला. स्किलच्या चेकला तसा नियम नाही. नियमांत सोप्या कामासाठी १०, मध्यमसाठी १५, कठीणसाठी २० आणि जवळजवळ अशक्य कामासाठी ३० असे आकडे सुचवले आहेत, तेव्हा अधिक २ असलेल्याने वीस काढूनही तीस गाठले जात नाहीत. जे काम त्या पात्राकडून होणेच शक्य नाही, त्यासाठी फासा मागूच नये, म्हणजे वाद होत नाही.

एकाच ठशाकडे चार प्रकारे पाहणे

पर्सेप्शन, इन्व्हेस्टिगेशन, सर्व्हायव्हल आणि नेचर या चार स्किल्समधला घोळ सर्वांत जास्त होतो, आणि तो नुसत्या व्याख्यांनी सुटत नाही. आमच्या भागातल्या खेळाडूंना मी तो टिपेश्वरच्या जंगलाच्या आधाराने समजावतो, कारण रान वाचणारी माणसे त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असतात.

नाल्याच्या काठाला ओली रेती आहे आणि तिच्यावर एक ठसा उमटलेला आहे. चालता चालता तो नजरेला पडणे हे पर्सेप्शन. त्याच्या कडा अजून ढासळलेल्या नाहीत, आत दव साचलेले नाही, म्हणजे जनावर पहाटेनंतर गेले आहे, हे ताडून पुढचा ठसा गवतात कुठे असेल तिकडे वळणे आणि माग न सोडणे हे सर्व्हायव्हल. असा पंजा कोणत्या जनावराचा असतो, ते कोणत्या ऋतूत पाण्यावर येते, हे शिकलेले ज्ञान आठवणे म्हणजे नेचर. शेजारी पडलेली तुटकी टोपली, एकीकडे फरफटल्याची रेघ आणि रेघेच्या टोकाशी माणसाच्या पावलांचे ठसे, यांची सांगड घालून इथे जनावराने माणसावर झडप घातली नसून माणसानेच काही तरी ओढत नेले आहे, असा निष्कर्ष काढणे हे इन्व्हेस्टिगेशन. पर्सेप्शन व सर्व्हायव्हल विस्डमवर चालतात, नेचर आणि इन्व्हेस्टिगेशन इंटेलिजन्सवर. म्हणून अनेक वर्षे रानात हिंडलेला पण शाळा न शिकलेला रेंजर माग उत्तम काढतो, तरी आउलबेअरच्या (घुबडाचे डोके असलेल्या काल्पनिक अस्वलाच्या) सवयी त्याला सांगता येतीलच असे नाही. खेळाडूने कोणते स्किल हवे हे सांगण्याऐवजी रेतीजवळ बसून आपण काय पाहतो हे सांगितले, की यातले कोणते लागू होते ते आपोआप स्पष्ट होते.

अ‍ॅथलेटिक्स आणि अ‍ॅक्रोबॅटिक्स यांचेही तसेच. विहिरीची कड धरून वर चढणे हे ताकदीचे काम आहे आणि तिथे अ‍ॅथलेटिक्सच लागते. कठड्यावरून तोल सांभाळत चालणे हे अ‍ॅक्रोबॅटिक्स. स्वतःचा मोठा आकडा कुठे आहे हे पाहून स्किल निवडणाऱ्याला नम्रपणे थांबवावे. उलट, स्किल नेहमी एकाच अ‍ॅबिलिटीला बांधलेले असते असेही डीएमने मानू नये. पुरात सापडलेल्याला पैनगंगेएवढे पात्र पोहून जायचे असेल तर दमसासाची कसोटी लागते, आणि तिथे कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर धरून अ‍ॅथलेटिक्सचे प्रावीण्य मिळवण्याची मुभा पर्यायी नियम देतो.

न मागता वापरायचे पर्सेप्शनही विसरले जाते. रानडुकरे आणि रोही पिकात घुसू नयेत म्हणून मचाणावर जागल करणारा माणूस दर मिनिटाला ठरवून कान देत नाही, तरी तुरीत खसखसले की त्याला कळते. पॅसिव्ह पर्सेप्शन हे तसे आहे: १० अधिक त्या पात्राचे पर्सेप्शनचे मॉडिफायर, अ‍ॅडव्हान्टेज असेल तर आणखी ५, आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज असेल तर (म्हणजे दोन आकड्यांतला लहान धरावा लागत असेल तर) ५ कमी. हे आकडे डीएमने आधीच स्वतःजवळ लिहून ठेवावेत, कारण खेळाडूला विचारले की त्याला संशय येतो.

सगळ्यांनी एकदम टाकलेले फासे

एकाचा चेक फसला की उरलेले चौघे "मी पण पाहतो" म्हणतात. गाठायचा आकडा १५ आणि कोणालाही काहीच मॉडिफायर नाही असे धरले, तर एकट्याची संधी १०० त ३० असते. पाच जणांनी टाकले की निदान एकाला तरी यश मिळण्याची संधी ८३ वर जाते. म्हणजे ज्याने ते स्किल कष्टाने निवडले त्याच्या निवडीला अर्थच उरत नाही. यावर उपाय म्हणजे मदत. एकाने मुख्य काम करावे, दुसऱ्याने हातभार लावावा आणि मुख्य काम करणाऱ्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळावा. मात्र जे काम आपल्याला एकट्याने करता येणार नाही, त्यात मदतही करता येत नाही.

लपत जाताना याच्या अगदी उलट अन्याय होतो. चौघे दबकत निघाले आहेत, प्रत्येकाची संधी १०० त ६० आहे आणि एकही चुकला तर सगळे पकडले जातील असे ठरवले, तर चौघेही सुटण्याची संधी १३ च राहते. समूहाच्या चेकचा नियम नेमका याचसाठी आहे: निम्मे यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी. त्याच चौघांची संधी त्या नियमाने ८२ होते. चिलखतातला जड योद्धा गटात आहे म्हणून स्टेल्थचा विचारच सोडून देणाऱ्या मंडळींनी हा नियम एकदा वापरून पाहावा.

बोलता न येणाऱ्या खेळाडूचे बोलके पात्र

पर्सुएशन, म्हणजे बोलून पटवणे, ही जादू नव्हे. राजाला सिंहासन सोडायला लावण्यासाठी फासा मागू नये, हे बहुतेक डीएमना कळते. पण एक चूक चांगले डीएमही करतात, आणि तिचे मला फार वाईट वाटते. पात्राची कॅरिस्मा मोठी असली तरी खेळाडूकडून ते प्रत्यक्ष भाषण वदवून घेतात, आणि भाषण रंगले नाही तर गाठायचा आकडा वाढवतात. दाराला खांदा लावणाऱ्याला आपण खरे दार फोडून दाखवायला सांगत नाही. मग अबोल माणसाकडूनच वक्तृत्व का मागावे? कोणाला, काय सांगून आणि कशाच्या बदल्यात पटवायचे आहे, एवढे त्याने सांगितले की पुरे.

आमच्याकडे एक सालदार खेळायला येतो. चार माणसांत तो मान वर करून बोलत नाही, पण त्याने निवडलेले पात्र शाहिराचे आहे: पाचवी पातळी, कॅरिस्मा १८, पर्सुएशन अधिक ७. वेशीवरच्या नाकेदाराने रात्री दार उघडायला नकार दिला तेव्हा तो बराच वेळ चटईच्या काड्या मोडत बसला, आणि मग हळूच म्हणाला, "भाऊ, मी त्याले सांगतो का आमच्यासंगं जखमी पोरगं हाय, अन् सकाळी तुह्या साहेबाले मीच समजावीन." नाकेदाराला नेमकी साहेबाचीच भीती होती. मी पंधरा सांगितले, त्याने डब्यातून नऊची चिठ्ठी काढली, बोटांवर सात मोजले, आणि अडसर सरकला.