मोठ्या राउटरवरील कॉन्फिगरेशनची कामे वेगाने कशी करावीत

नाशिकमधील अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत अनेक कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात, त्यामुळे त्या भागाला इंटरनेट पुरवणाऱ्या मुख्य राउटरवर काम करायला रात्री एक ते चार एवढाच काय तो वेळ हाती लागतो. त्यातच २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने पंचवटी, तपोवन आणि त्र्यंबकेश्वरकडच्या जोडण्यांची मागणी वाढणार, म्हणजे राउटरवरचे सब-इंटरफेस (एका जोडणीचे आभासी भाग), व्हीलॅन (वेगळी ठेवलेली आभासी जाळी) आणि फिल्टरही (कोणती वाहतूक जाऊ द्यायची ते ठरवणारे नियम) वाढणार. कॉन्फिगरेशन (राउटरने कसे वागावे हे सांगणाऱ्या ओळी) काही हजार ओळींवरून काही लाख ओळींवर गेले की साधा बॅकअप घ्यायलाही मिनिटे मोजावी लागतात आणि मग रात्रीच्या कामाचे वेळापत्रक कोलमडते. हा वेळ बराच कमी करता येतो, मात्र त्यासाठी तो नेमका कशात जातो हे आधी कळायला हवे. येथील बहुतेक उदाहरणे सिस्कोच्या आयओएस आणि आयओएस एक्सई या प्रणालींची आहेत, कारण वेळेची सर्वाधिक गळती तिथेच आढळते. सिस्कोचीच आयओएस एक्सआर आणि ज्युनिपरची जुनॉस यांचा विचार नंतर केला आहे.

आधी मोजमाप

‘शो रनिंग-कॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर पडद्यावर ‘बिल्डिंग कॉन्फिगरेशन’ अशी ओळ येते आणि मोठ्या राउटरवर तिच्यापुढे बराच वेळ काहीच हालचाल दिसत नाही. आयओएसमध्ये चालू कॉन्फिगरेशन मजकुराच्या तयार फाइलच्या रूपात ठेवलेले नसते. आज्ञा आली की राउटर प्रत्येक इंटरफेस, प्रत्येक प्रोटोकॉल आणि प्रत्येक फिल्टर यांच्याकडून त्यांची सध्याची मांडणी विचारून घेतो आणि त्यातून एकेक ओळ नव्याने लिहितो. या प्रक्रियेला एनव्हीजेन म्हणतात. बॅकअप, ‘राइट मेमरी’ (चालू कॉन्फिगरेशन जतन करण्याची आज्ञा), दोन आवृत्त्यांची तुलना आणि बाहेरच्या साधनांची बहुतेक चौकशी या सगळ्यांत ही प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून होते. वेग वाढवण्याच्या जवळजवळ सगळ्या उपायांचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

मोजण्यासाठी ‘टर्मिनल एक्झेक प्रॉम्प्ट टाइमस्टॅम्प’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक शो आज्ञेबरोबर वेळ आणि सीपीयूवरचा भार आपोआप छापला जातो. त्यानंतर चालू कॉन्फिगरेशन ‘रिडायरेक्ट’ वापरून राउटरच्याच फ्लॅशमध्ये (कायमच्या साठवणीत) लिहावे, लागलेला वेळ नोंदवावा आणि मग तेच कॉन्फिगरेशन दूरच्या सर्व्हरवर पाठवावे. दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या निघाल्या तर वेळ मजकूर तयार करण्यात जातो आहे, आणि सर्व्हरवर पाठवताना तो कितीतरी वाढला तर दोष वहनाच्या पद्धतीत आहे. ही दोन दुखणी वेगळी असून त्यांचे उपायही वेगळे आहेत. अनेक ठिकाणी हे न तपासताच राउटर जुना झाला असे ठरवून नव्याची खरेदी सुचवली जाते, हे मला योग्य वाटत नाही.

मजकूर तयार होण्याचा वेळ

पहिला आणि सर्वात परिणामकारक उपाय ‘पार्सर कॉन्फिग कॅश इंटरफेस’ हा आहे. ही आज्ञा ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये दिली की राउटर इंटरफेसच्या मांडणीचा मजकूर मेमरीत जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी ज्या इंटरफेसमध्ये बदल झाला असेल तेवढ्याचाच मजकूर नव्याने लिहितो. ज्या राउटरवर हजारो सब-इंटरफेस आहेत तिथे फरक लगेच जाणवतो. आज्ञा दिल्यानंतरचा पहिला ‘शो रनिंग-कॉन्फिग’ मात्र पूर्वीइतकाच वेळ घेतो, कारण तेव्हा कॅश भरली जात असते, त्यामुळे पहिल्याच प्रयत्नावरून उपाय निरुपयोगी ठरवू नये. कॅशसाठी मेमरी लागत असल्याने ‘शो मेमरी’ पाहून पुरेशी जागा शिल्लक असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पाइपबाबतची आहे. ‘शो रनिंग-कॉन्फिग’ पुढे पाइप (‘|’ हे चिन्ह) देऊन ‘इन्क्लूड’ किंवा ‘सेक्शन’ लिहिले की पडद्यावर थोड्याच ओळी येतात, पण राउटर मजकूर संपूर्ण तयार करतो आणि नंतर त्यातून त्या ओळी गाळून दाखवतो, म्हणजे डोळ्यांचे श्रम वाचले तरी सीपीयूचे वाचत नाहीत. आपल्या आवृत्तीत कॉन्फिगरेशन पार्टिशनिंगची सोय असेल तर ‘शो रनिंग-कॉन्फिग पार्टिशन’ पुढे प्रश्नचिन्ह देऊन उपलब्ध भाग पाहावेत आणि फक्त अॅक्सेस-लिस्टचा (फिल्टरच्या नियमांचा) किंवा फक्त राउटिंगचा भाग मागवावा. त्या वेळी राउटर तेवढाच भाग तयार करतो.

‘सर्व्हिस कम्प्रेस-कॉन्फिग’ ही आज्ञा वेगासाठी असल्याचा समज आढळतो. ती एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या छोट्या साठवणीत) न मावणारे कॉन्फिगरेशन दाबून बसवण्यासाठी आहे आणि दाबण्याच्या क्रियेला उलट थोडा जास्तच वेळ लागतो.

सर्व्हरपर्यंतचा प्रवास

बॅकअपसाठी अजूनही कितीतरी ठिकाणी टीएफटीपी हा फाइल पाठवण्याचा साधा प्रोटोकॉल वापरला जातो. मूळ पद्धतीत हा प्रोटोकॉल ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढचा तुकडा पाठवतो. समजा, राउटर नाशिकला आहे, सर्व्हर दिल्लीकडच्या डेटा सेंटरमध्ये आहे आणि एका फेरीला ४० मिलिसेकंद लागतात. मग १ एमबीच्या कॉन्फिगरेशनचे २०४८ तुकडे होतात आणि दुवा कितीही गिगाबिटचा असला तरी केवळ वाट पाहण्यात सुमारे ८२ सेकंद जातात. ‘आयपी टीएफटीपी ब्लॉकसाइज’ वापरून तुकडा १४२८ बाइटांचा केला तर हाच वेळ सुमारे २९ सेकंदांवर येतो, आणि इतका तुकडा इथरनेटच्या एका पॅकेटात मावतो. ८१९२ बाइटांपर्यंत जाता येते, पण तेव्हा पॅकेटांचे विभाजन होते आणि वाटेतला एखादा फायरवॉल ते विभाजित तुकडे टाकून देण्याची शक्यता राहते. सर्व्हरनेही हा पर्याय मान्य केलेला असावा लागतो.

तरीही माझा सल्ला टीएफटीपी सोडून एससीपी या कूटबद्ध पद्धतीकडे जाण्याचा आहे. कॉन्फिगरेशनमध्ये पासवर्ड, एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलच्या कम्युनिटी (परवलीचे शब्द) आणि ग्राहकांचे पत्ते असतात, आणि ते उघड्या मजकुरात शहराबाहेर पाठवणे समर्थनीय नाही. एससीपी संथ वाटले तर नव्या आयओएस एक्सईमध्ये ‘आयपी एसएसएच बल्क-मोड’ (मोठ्या फाइली वेगाने पाठवण्याची सोय) आहे का ते पाहावे.

बॅकअप किती वेळा आणि केव्हा

दर तासाला सगळ्या राउटरांचे संपूर्ण कॉन्फिगरेशन ओढून घेण्याऐवजी बदल झाल्यावरच ते ओढावे. कोणी कॉन्फिगरेशन मोडमधून बाहेर पडले की राउटर सिसलॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) ‘सिस-५-कॉन्फिग-आय’ असा संदेश पाठवतो. तो संदेश सर्व्हरवर पोहोचताच त्या एकाच राउटरचा बॅकअप सुरू होईल अशी व्यवस्था करावी. संदेश वाटेत हरवू शकतो म्हणून जोडीला एसएनएमपीने चौकशी ठेवावी. सिस्कोच्या कॉन्फिग-मॅन मिबमध्ये (एसएनएमपीने विचारता येणाऱ्या माहितीच्या यादीत) चालू कॉन्फिगरेशन शेवटचे केव्हा बदलले ते सांगणारी नोंद असते, आणि ती मागच्या वेळेइतकीच असेल तर काहीही ओढण्याची गरज नसते. ही नोंद राउटर सुरू झाल्यापासूनच्या वेळेत असते, त्यामुळे राउटर रिस्टार्ट झाल्यानंतर एक संपूर्ण बॅकअप अवश्य घ्यावा.

रॅन्सिड किंवा ऑक्सिडाइज्ड ही बॅकअपची साधने वापरत असाल तर तुलनेतून निरर्थक ओळी वगळाव्यात. जुन्या आयओएसमधली ‘एनटीपी क्लॉक-पीरियड’ ही ओळ आपोआप बदलत राहते आणि शीर्षभागातली शेवटच्या बदलाची वेळही हलते. त्या वगळल्या नाहीत तर प्रत्येक बॅकअप हा बदल भासतो, आणि नंतर कोणी खरे बदल वाचायच्या फंदात पडत नाही. याउलट ‘आर्काइव्ह’ खालचे ‘लॉग कॉन्फिग’ चालू केले तर कोणी, केव्हा, कोणती ओळ टाकली हे राउटर स्वतःच नोंदवतो आणि तेवढे पाहण्यासाठी संपूर्ण मजकूर तयार करावा लागत नाही. त्यात ‘हाइडकीज’ अवश्य द्यावे, नाहीतर पासवर्डही नोंदीत उतरतात.

बदल टाकण्याचा वेळ

कन्सोल केबलने ९६०० बॉडवर मजकूर चिकटवला तर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरे जातात, म्हणजे १ एमबीला सुमारे १८ मिनिटे लागतात. मोठा बदल फाइल म्हणून फ्लॅशवर आधी, म्हणजे दिवसाच्या निवांत वेळी, ठेवून द्यावा आणि रात्री तो राउटरवरूनच लागू करावा.

एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करून) ओळी टाकताना दुसरा एक खोळंबा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘एएए ऑथोरायझेशन कॉन्फिग-कमांड्स’ चालू असेल तर प्रत्येक ओळीसाठी राउटर टॅकॅक्स सर्व्हरची (कोणाला काय करता येईल ते ठरवणाऱ्या सर्व्हरची) परवानगी मागतो. सर्व्हर दूर असून फेरी ४० मिलिसेकंदांची असेल तर ५००० ओळींना केवळ परवानगीपोटी २०० सेकंद लागतात, आणि प्रत्येक विनंतीसाठी नवे टीसीपी कनेक्शन उघडले जात असेल तर वेळ जवळपास दुप्पट होतो. ‘सिंगल-कनेक्शन’ हा पर्याय द्यावा आणि शक्य असल्यास टॅकॅक्सचा एक सर्व्हर नाशिकमध्येच ठेवावा. इगतपुरीच्या घाटात पावसाळ्यात फायबर तुटली तर मुंबईकडची वाट बंद असतानाही लॉगिन चालू राहते, हा त्याचा आणखी मोठा फायदा आहे.

अॅन्सिबल हे स्वयंचलनाचे साधन वापरणाऱ्यांनी ‘आयओएस-कॉन्फिग’ या मॉड्यूलकडे बारकाईने पाहावे. ते आपल्या ओळी राउटरवर आहेत का हे तपासण्यासाठी प्रत्येक टास्कच्या वेळी संपूर्ण चालू कॉन्फिगरेशन मागवते. प्लेबुकमध्ये (अॅन्सिबलच्या कामांच्या यादीत) असे १० टास्क असतील तर एनव्हीजेनही १० वेळा चालते, आणि मोठ्या राउटरवर दोन ओळींच्या बदलाला पाव तास लागण्याचे कारण बहुधा हेच असते. ओळी शक्य तितक्या एकाच टास्कमध्ये एकत्र कराव्यात, किंवा एकदा ओढलेले कॉन्फिगरेशन ‘रनिंग-कॉन्फिग’ या पर्यायातून पुढच्या टास्कना द्यावे. ‘सेव्ह-व्हेन’ला ‘ऑलवेज’ देऊ नये, ‘चेंज्ड’ पुरते. अनेक राउटर असतील तर ‘फोर्क्स’ची (एका वेळी हाताळायच्या राउटरांची) मूळची ५ ही संख्या वाढवावी, पण एकाच राउटरवर एका वेळी एकच सत्र ठेवावे. दोन साधने एकदम ‘राइट मेमरी’ करू लागली की स्टार्टअप-कॉन्फिग (जतन केलेले कॉन्फिगरेशन) उघडता येत नाही, ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असा संदेश येतो आणि दोघांपैकी एकाचे काम अर्धवट राहते.

आयओएस एक्सआर आणि जुनॉस यांत बदल आधी वेगळ्या प्रतीत जमा होतो आणि कमिट केल्यावर लागू होतो. तिथे वेळ मुख्यतः कमिटला लागतो, म्हणून छोटे छोटे कमिट करण्यापेक्षा एकमेकांशी संबंधित बदल एकत्र करावेत. जुनॉसमध्ये ‘कमिट’ पुढे पाइप देऊन ‘डिस्प्ले डिटेल’ लिहिले की कोणत्या टप्प्याला किती वेळ लागतो ते दिसते. अप्लाय-ग्रुप्सचा (एकच मांडणी अनेक ठिकाणी लागू करण्याच्या सोयीचा) वापर मोठा असेल तर ‘पर्सिस्ट-ग्रुप्स-इनहेरिटन्स’ चालू आहे का ते तपासावे. ‘फास्ट-सिंक्रोनाइझ’ दोन्ही राउटिंग इंजिनांवर (मुख्य आणि राखीव नियंत्रकांवर) एकदम कमिट करून वेळ वाचवते, परंतु एका बाजूला कमिट फसले तर दोन्हींचे कॉन्फिगरेशन वेगळे पडू शकते, म्हणून मी ते मुख्य राउटरवर वापरण्याची शिफारस करणार नाही. एक्सआरवरच्या ‘कमिट रिप्लेस’बाबत विशेष सावध राहावे, कारण ती आज्ञा जमा केलेल्या प्रतीने संपूर्ण कॉन्फिगरेशन बदलून टाकते.

बाहेरून चालवायचे असेल तर नेटकॉन्फ हा कॉन्फिगरेशन हाताळण्याचा प्रोटोकॉल अधिक चांगला आहे. २०११ च्या आरएफसी ६२४१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजामध्ये त्याची सध्याची व्याख्या आहे आणि एसएसएचवर त्याचा पोर्ट ८३० आहे. त्यात गाळणी देऊन हवा तेवढाच भाग मागवता येतो, कॉन्फिगरेशनला कुलूप लावता येते आणि मजकुराच्या ओळी चाळत बसावे लागत नाही.

कॉन्फिगरेशनच लहान करणे

ब्रॉडबँडच्या ग्राहकासाठी स्वतंत्र सब-इंटरफेस आणि स्वतंत्र पॉलिसी लिहिलेली असेल तर ती सोडून पीपीपीओईच्या (ग्राहकाने लॉगिन करून जोडण्याच्या पद्धतीच्या) व्हर्च्युअल-टेम्प्लेटकडे, म्हणजे सर्वांसाठीच्या एकाच साच्याकडे, जावे आणि प्रत्येकाचा वेग रेडियसवरून (ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) द्यावा, म्हणजे सिडको किंवा नाशिक रोडला नवा ग्राहक जोडला तरी राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये एकही ओळ वाढत नाही. बीजीपी या पुरवठादारांमधले मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या प्रीफिक्स-लिस्ट (पत्त्यांच्या याद्या) बीजीपीक्यू४ सारख्या साधनाने तयार होत असतील तर त्याचा एकत्रीकरणाचा पर्याय वापरावा, सलग पत्ते एका ओळीत येतात. न वापरलेले रूट-मॅप (मार्ग निवडण्याचे नियम) आणि सोडून गेलेल्या ग्राहकांच्या अॅक्सेस-लिस्टही काढाव्यात, मात्र त्यांचा संदर्भ कुठेच उरलेला नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

परतीची वाट

वेगाच्या नादात परतीची वाट बंद होता कामा नये. आयओएसमध्ये ‘आर्काइव्ह’ची जागा ठरवून ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर’ पुढे मिनिटे देऊन काम सुरू करावे. त्या वेळेत ‘कॉन्फिगर कन्फर्म’ दिले नाही तर राउटर आपोआप जुन्या मांडणीवर जातो. जुनॉस आणि एक्सआरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ हेच काम करते, पण आकडा देताना सांभाळावे, कारण जुनॉसमध्ये तो मिनिटांत असतो आणि एक्सआरमध्ये नुसता आकडा सेकंदांत धरला जातो. मुदत ठरवताना मोठ्या राउटरला मागे फिरायलाही वेळ लागतो हे हिशेबात धरावे, म्हणजे चारला पहिली पाळी ऑनलाइन येणार असेल तर शेवटचा बदल तीन वाजल्यानंतर टाकू नये. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की सुरुवातीचे मोजमाप पुन्हा घेऊन नव्या आकड्यांवरून ही मुदत ठरवावी.