नाक्यावर फुंकायला सांगितलं तर

थर्टीफर्स्टला तारकर्लीहून परतताना पोलिसांनी हात केला, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. हुज्जत नको. गणवेशातला पोलीस दारू तपासायच्या यंत्राच्या नळीत फुंकायला सांगू शकतो. नकार दिलात आणि संशयाला जागा असेल, तर वॉरंटशिवाय अटक होते. नळी मात्र नवी मागा, आकडा स्वतः बघा. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. ‘एकच बिअर घेतली’ हा हिशेब तिथे चालत नाही.

अटक झालीच, तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लायसन्स जमा केलं तर पावती घ्या. डिजिलॉकरमधलं लायसन्सही चालतं, पण घाटात रेंज जाते, म्हणून आधीच उघडून ठेवा.